रानपिंगळ्याचे कूळ आणि आमची मुले

संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून त्यांना महाडचा सत्याग्रह किंवा नागपूरचे धम्मचक्र प्रवर्तन असा एखादा विषय अपेक्षित असणार. त्या विषयांवर आम्ही यापूर्वी लिहिले आहे आणि पुढेही लिहू. या वेळी मात्र एका पक्ष्याविषयी, त्याच्या कुळाचा छडा लावणाऱ्या संशोधकांविषयी, आणि त्या संशोधनाशी आमच्या वसतिगृहातील मुलामुलींचा काय संबंध आहे याविषयी लिहिण्याची मुभा आम्ही घेत आहोत. विषय जीवशास्त्राचा आहे. तो आमच्यापर्यंत आला एका चुकीमुळे, आणि ती चूक आमची स्वतःची होती.

विद्यालयाच्या मागे, जिथे आवाराची भिंत संपून राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर सुरू होतो, तिथे एक जुना शिरीष आहे. काही वर्षांपूर्वी त्याच्या ढोलीत पिंगळ्यांच्या जोडीने घर केले. पिंगळा म्हणजे वीतभर उंचीचे, डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके असलेले लहान घुबड. दिवेलागणीला त्यांचा कलकलाट सुरू होई. त्याच हिवाळ्यात वसतिगृहाचे अधीक्षक आजारी पडले, एका मुलाची आजी गावी वारली, आणि स्वयंपाकघरातील मावशी आमच्याकडे आल्या. "सर, हे पाखरू बरं नाही. रोज ओरडतंय. ती फांदी काढून टाका," असे त्या म्हणाल्या.

शिक्षकांच्या बैठकीत अपशकुनाचे नाव कोणी घेतले नाही. ज्या खोलीच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावल्या आहेत, तिथे ते घेणे कोणालाच शोभले नसते. फांदी कुजली आहे, मुलांच्या अंगावर पडेल, असे कारण नोंदवले गेले. फांदी छाटण्याच्या परवानगीसाठी महापालिकेकडे द्यावयाचा अर्ज तयार झाला आणि त्यावर आम्ही सही केली. फांदी कुजलेली नाही, हे आम्हाला ठाऊक होते.

अर्ज जाण्याच्या आदल्या दिवशी आठवीतील एक विद्यार्थिनी वही घेऊन आली. तिने ४१ रात्रींची नोंद ठेवली होती. पिंगळा ओरडला अशा रात्री ३८. त्या ३८ रात्रींनंतर वसतिगृहात आजारी पडलेली मुले चार, तीही सर्दीने. तो ओरडला नाही अशा तीन रात्रींनंतर आजारी पडलेले मूल एक. "सर, तो तर रोजच ओरडतो. मग रोज कोणी का मरत नाही?" एवढाच तिचा प्रश्न होता. आम्ही अर्ज तिच्यासमोर फाडला. ज्या खोलीत आम्ही पस्तीस वर्षे विवेकवाद बोललो, तिथे पहिल्यांदा विवेक वापरला तो आठवीतील मुलीने, हे नोंदवणे आम्हाला आवश्यक वाटते.

पुढे तीच मुलगी वर्तमानपत्राचे एक कात्रण घेऊन आली. तानसा अभयारण्यात 'रानपिंगळा' सापडल्याची जुनी बातमी होती. तानसा हे नाव आमच्या मुलांना नवे नाही. मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपरमधून जाणाऱ्या तानसा जलवाहिनीच्या कडेने आमच्या कितीतरी पालकांची घरे होती. ती हटवली गेली तेव्हाची पळापळ या मुलांनी ऐकली आहे, काहींनी पाहिली आहे. त्या पाइपातले पाणी जिथून येते, त्याच जंगलात २०१४ मध्ये सुनील लाड आणि त्यांच्या सोबत्याला हा पक्षी दिसला. मुंबईच्या इतक्या जवळ त्याची नोंद यापूर्वी झालेली नव्हती. हा रानपिंगळा आपल्या शिरीषावरच्या पिंगळ्याचा कोण लागतो, असे मुलीने विचारले. आम्हाला उत्तर देता आले नाही, म्हणून शोधू लागलो.

शोधताना लक्षात आले की हा प्रश्न सुमारे १४५ वर्षे संशोधकांनाही पडलेला होता. १८७२ च्या अखेरीस, आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागात, ब्लुइट नावाच्या अधिकाऱ्याने या पक्ष्याचा पहिला नमुना मिळवला. १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूम. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पंजे दणकट, शेपटीवर ठळक पट्टे, हे पाहून त्यांनी त्याला नेहमीच्या पिंगळ्यांच्या गटात न ठेवता स्वतंत्र गट दिला: हेटेरोग्लॉक्स, म्हणजे 'वेगळे घुबड'. त्यानंतर खानदेशात सनदी अधिकारी असलेले जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोदा परिसरातून आणखी काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर हा पक्षी कोणाला निश्चितपणे दिसलाच नाही. तो नामशेष झाला, असे अनेकांनी धरून चालले.

मध्ये एक विलक्षण प्रकार घडला, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी तोच सर्वांत बोधप्रद आहे. कर्नल रिचर्ड माइनर्टझागेन हे ब्रिटिश लष्करी अधिकारी पक्षीसंग्राहक म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता आणि त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर तो १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे मिळाल्याचे लिहिले होते. चिठ्ठी मोठ्या माणसाची, म्हणून ती खरी मानली गेली. १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. आत कापूस भरण्याची आणि कातडे शिवण्याची मूळ पद्धत डेव्हिडसन यांची निघाली. संग्रहालयातून तो पक्षी चोरून, उसवून, पुन्हा भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी हे सारे १९९९ मध्ये 'आयबिस' या नियतकालिकात मांडले.

आम्ही एम. ए. ला शिकलो त्या भाषेत सांगायचे, तर रासमुसेन यांनी साधनांचे बाह्य आणि अंतर्गत परीक्षण केले. कागद कोणाचा, शाई कोणती, हस्ताक्षर जुळते का, मजकूर काळाशी सुसंगत आहे का, हेच आम्ही ताम्रपटाला आणि बखरीला विचारतो. खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर खरी ठिकाणे उरली आणि त्यांत शहाद्याचा परिसर होता. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट तिथे पोचले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, तब्बल ११३ वर्षांनी, रानपिंगळा उघड्या फांदीवर दिवसाढवळ्या बसलेला दिसला. त्यानंतर फराह इश्तियाक व असद रहमानी यांनी, तसेच प्राची मेहता, जयंत कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोरणमाळ, मेळघाट आणि मध्य प्रदेशातील जंगले पायांखाली घातली. पक्षी सापडत गेला. प्रश्न उरला तो कुळाचा: ह्यूम यांनी दिलेले वेगळे घराणे खरे, की तो आपल्या पिंगळ्याचाच भाऊबंद?

रूप पाहून हा वाद मिटत नव्हता. म्हणून पंकज कोपर्डे, प्राची मेहता, सुषमा रेड्डी, उमा रामकृष्णन, शोमिता मुखर्जी आणि व्ही. व्ही. रॉबिन यांनी दुसरे साधन हाती घेतले: पेशीतील डीएनए. ही पद्धत मुलांना कशी समजवावी, याचा आम्ही पुष्कळ विचार केला आणि शेवटी हस्तलिखितांचाच दाखला उपयोगी पडला. छापखाना नव्हता तेव्हा पोथ्या हाताने नकलल्या जात. नकलताना एखादे अक्षर चुके. त्या चुकलेल्या पोथीवरून पुढे जितक्या नकला होत, त्या सर्वांत तीच चूक उतरे. आज दहा पोथ्या समोर ठेवल्या आणि त्यांपैकी तीन पोथ्यांत एकाच जागी एकच चूक आढळली, तर त्या तिन्ही एकाच मूळ प्रतीच्या वंशातल्या, असे अनुमान निघते. डीएनए ही चार अक्षरांत लिहिलेली अशीच पोथी आहे. पिढ्यानुपिढ्या ती नकलली जाते आणि क्वचित एखादे अक्षर बदलते. कोणते बदल कोणकोणत्या पक्ष्यांत सामाईक आहेत, हे मांडले की वंशवृक्ष तयार होतो. पेशीच्या केंद्रकातील मजकूर आई-बाप दोघांकडून येतो आणि तंतुकणिकेतील मजकूर केवळ आईकडून. संशोधकांनी दोन्ही तपासले, कारण दोन स्वतंत्र साक्षीदारांची साक्ष एकापेक्षा बळकट.

निष्कर्ष २०१८ मध्ये 'प्लॉस वन' या, कोणालाही विनामूल्य वाचता येणाऱ्या नियतकालिकात आला. रानपिंगळा वेगळ्या घराण्यातला नाही. तो 'अथेनी' या गटातच मोडतो, आणि आपल्या शिरीषावरचा पिंगळा याच गटातला आहे. दोघे भाऊबंद, काही दशलक्ष वर्षांपूर्वी वाटा फुटलेले, पण एकाच घरातले. या 'अथेनी' नावातही एक धडा आहे. ग्रीकांनी ज्या पक्ष्याला आपल्या ज्ञानदेवतेचे चिन्ह मानले, त्याच्याच भाऊबंदाला आम्ही अपशकुनी ठरवून त्याची फांदी तोडायला निघालो होतो.

या संशोधकांपैकी सुषमा रेड्डी त्या वेळी शिकागोच्या लोयोला विद्यापीठात जीवशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. पक्ष्यांची उत्क्रांती आणि जनुके हाच त्यांचा अभ्यासविषय. २००८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात पक्ष्यांच्या १६९ जातींच्या १९ जनुकीय भागांवर आधारलेला जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांतही त्या होत्या. त्या अभ्यासाने डोळ्यांची खात्री अनेक ठिकाणी खोटी ठरवली. आकाशात घिरट्या घालणारी घार आणि झडप घालणारा ससाणा यांची चोच, नखे, शिकारीची रीत पाहून आपण त्यांना एका पंक्तीला बसवतो. जनुके सांगतात की ससाण्याचे जवळचे नाते घारीशी नसून पोपटाशी आणि चिमणीसारख्या गाणाऱ्या पक्ष्यांशी आहे. भांडुप-मुलुंडच्या खाडीत हिवाळ्यात हजारोंनी उतरणाऱ्या लांब पायांच्या गुलाबी रोहित पक्ष्याचा सर्वांत जवळचा आप्त कोण? तळ्यात बुडी मारणारी, तोकड्या पायांची, मातकट रंगाची टिबुकली. आमच्या मुलांनी दोघांनाही पाहिले आहे. ते एकमेकांचे नातलग असतील, असे त्यांच्याही मनात आले नव्हते आणि आमच्याही.

याच्या उलट उदाहरण पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाचे आहे. तिथल्या उंच डोंगरांवरील शोला वनांत राहणाऱ्या काही लहान पक्ष्यांना रूपसाम्यावरून दूरच्या हिमालयी पक्ष्यांच्या गटांत घालून ठेवले होते. रॉबिन, रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की ते तिथलेच, स्वतंत्र वंशाचे आहेत, आणि त्यांना नवी नावे मिळाली. म्हणजे रानपिंगळा वेगळा दिसत होता, पण घरातला निघाला. शोलातले पक्षी दुसऱ्यांसारखे दिसत होते, पण वेगळे निघाले. रूप दोन्ही बाजूंनी फसवते. निर्णय पुराव्याने करायचा असतो, आणि नवा पुरावा आला की जुनी चिठ्ठी काढायची असते, मग ती ह्यूम यांच्यासारख्या मोठ्या माणसाने का लावलेली असेना.

इथवर आलेल्या वाचकाच्या मनात जो विचार आला असेल, तो आमच्याही मनात आला. या देशात जन्मावरून माणसाच्या गळ्यात चिठ्ठी बांधण्याचे काम किती शतके चालले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावे लागत नाही. पण इथे एक सावधगिरी हवी. मराठीत जीवशास्त्राच्या पुस्तकात पक्ष्यांच्या 'जाती' म्हणतात आणि समाजातही 'जात' म्हणतात. एकाच शब्दामुळे मुलाच्या मनात गोंधळ होतो: पक्ष्यांच्या जाती निसर्गाने केल्या, तर माणसांच्याही त्यानेच केल्या असाव्यात. वर्गात हा प्रश्न आम्हाला विचारला गेला आहे, आणि विचारणारा मुलगा आपल्याच समाजातला होता. त्याचे उत्तर स्पष्ट दिले पाहिजे. जीवशास्त्रात ज्या समूहातील जीव परस्परांशी संकर करून प्रजननक्षम संतती देतात, तो समूह म्हणजे एक जात. या अर्थाने पृथ्वीवरील सारी माणसे मिळून एकच जात आहे. गावातल्या वेशीबाहेरच्या आणि वेशीआतल्या माणसांत जीवशास्त्राला ओळखता येईल अशी जात नाही. आणि पक्ष्यांच्या वंशवृक्षातही वरची फांदी श्रेष्ठ आणि खालची कनिष्ठ असा क्रम नसतो. सर्व शेंडे आजच्याच दिवसाचे असतात.

बाबासाहेबांनी हे जनुकशास्त्राच्या मदतीवाचून, हाती होते त्या साधनांनी मांडले. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील निबंधात त्यांनी जातीचे मर्म वंशात न शोधता अंतर्विवाहात शोधले: मुळात मिसळलेल्या लोकांवर बेटीबंदी लादली गेली आणि जात निर्माण झाली. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी नाकाच्या मोजमापांची त्या काळची आकडेवारी तपासली आणि हे मानवमितीचे शास्त्र जर विश्वसनीय असेल, तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, असे दाखवले. त्या वाक्यातला 'जर' आम्हाला फार मोलाचा वाटतो. आपल्या बाजूचा पुरावाही त्यांनी अटीसह वापरला. आज नाकाच्या मोजमापाला ते महत्त्व उरलेले नाही. बाबासाहेबांची मांडणी मात्र उभी आहे. २०१३ मध्ये प्रिया मूरजानी, कुमारसामी थंगराज, लालजी सिंग, डेव्हिड राइक आदींनी भारतीय लोकसमूहांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात या देशातील लोकसमूहांचे मोठ्या प्रमाणावर मिश्रण झाले आणि त्यानंतर आपापल्या गटातच विवाह करण्याकडे कल वळला, असे त्यांना आढळले. आधी मिश्रण, मग बंदी. १९१६ चा निबंध लिहिताना बाबासाहेब पंचवीस वर्षांचे होते.

आता आमच्या मुख्य म्हणण्याकडे येतो. हे सारे संशोधन आम्ही वाचले, टाळ्या वाजवल्या, भाषणात वापरले आणि थांबलो, तर आमचे त्यात काय? आमच्या वसतिगृहातून वकील झाले, बँकेत अधिकारी झाले, महापालिकेत आणि रेल्वेत गेले, शिक्षक तर पुष्कळ झाले. त्यांचा आम्हाला अभिमान आहे. पोट आणि प्रतिष्ठा या दोन्ही गोष्टी तातडीच्या होत्या. पण प्रयोगशाळेत बसून स्वतःचा प्रश्न विचारणारा संशोधक आमच्या आठवणीत एकही नाही. विज्ञान शाखा म्हणजे डॉक्टर किंवा अभियंता, आणि ते जमले नाही तर विज्ञान सोडायचे, ही समजूत पालकांची आहे. ती आम्ही शिक्षकांनीच पक्की केली. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थ महाविद्यालय उभारले, तेव्हा कलेबरोबर विज्ञानाचीही सोय केली. ती त्यांनी सजावटीसाठी केलेली नव्हती.

कोणी म्हणेल, ज्या घरात पंख्याखाली पाच माणसे झोपतात, त्या घरातल्या मुलाने घुबडाचे कूळ शोधून काय मिळवायचे? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. संशोधनाची वाट लांबची आहे आणि शिष्यवृत्ती वेळेवर येईलच, याची हमी नसते. पण चिठ्ठ्या लावण्याचे आणि काढण्याचे अधिकार ज्या खोल्यांत ठरतात, त्या खोल्यांत आपण नसलो की काय होते, हे आपल्या पूर्वजांनी भोगले आहे. जंगल ओळखणारा आदिवासी वाट दाखवतो आणि शोधनिबंधावर बहुधा दुसऱ्याचे नाव येते. आमच्या मुलांनी वाटही दाखवावी आणि निबंधावर नावही लिहावे. त्यासाठी परदेशी जाण्याचीही गरज नाही. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, गोरेगावला राष्ट्रीय उद्यानाला लागून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्ग शिक्षण केंद्र आहे, पुण्यात २००६ पासून आयसर ही संस्था आहे. आमच्या विद्यार्थ्यांना यांची नावेही ठाऊक नसतात. हा दोष विद्यार्थ्यांचा नाही.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांकडे आमची मागणी आहे. सभागृहाला नवा संगमरवर आणि प्रवेशद्वाराला नवी कमान यांच्या आधी विद्यालयाला चार सूक्ष्मदर्शक, सहा दुर्बिणी आणि आठवीपासूनच्या प्रत्येक मुलाला निरीक्षणाची एक वही द्या. वर्षातून दोनदा या मुलांना खाडीवर आणि उद्यानात न्यायला बसभाडे द्या. आणि जो मुलगा किंवा मुलगी बारावीनंतर मूलभूत विज्ञानाकडे वळेल, तिची पाच वर्षांची जबाबदारी पाचजणांनी मिळून घ्या. शिक्षकांकडेही मागणी आहे, आणि ती प्रथम स्वतःकडे: मुलाच्या वहीतला आकडा आणि आपली सही यांत विरोध आला, तर सही मागे घ्यायला शिकू या. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, गुरूने सांगितले आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले. ते आम्ही दर पौर्णिमेला ऐकतो.

शिरीषाची ती फांदी अजून आहे. मध्यंतरी स्वयंपाकघरातील मावशींनीच सांगितले की पिंगळ्याने ढोलीपाशी उंदीर आणला होता, धान्याच्या कोठीमागचा असावा. "ठेवा त्याला, सर," असे त्या म्हणाल्या. वही आणणारी मुलगी आता अकरावीला विज्ञान शाखेत आहे. रानपिंगळा २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त यादीतून एक पायरी खाली, संकटग्रस्त यादीत आला. अधिक ठिकाणी सापडला म्हणून, त्याचे घराणे थोर ठरले म्हणून नव्हे. तो अजून तिने पाहिलेला नाही. या हिवाळ्यात तिला आणि तिच्या वर्गातील मुलांना तानसाला नेण्याचे आम्ही कबूल केले आहे. सोबत वह्या असतील.